दवाखाना लांब, शेजारीण जवळ : गावातल्या आरोग्यसेविकेचा इतिहास

दिवाळी झाली की नगर-बीडच्या पट्ट्यातली कितीतरी गावे अर्धी रिकामी होतात. कमावती माणसे ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. घरी उरतात म्हातारी माणसे आणि पुष्कळदा त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी नातवंडे. बाकीच्या जिल्ह्यांत ऊसतोड नसेल, पण मुले पुण्या-मुंबईला आणि आई-वडील गावी, हे चित्र आता सगळीकडे आहे. अशा रुग्णांना "बीपीची गोळी का बंद केली?" असे विचारले, तर उत्तर साधे असते : "संपली होती. आणून द्यायला कोणी नव्हतं."

या उत्तरात औषधशास्त्राचा काही दोष नाही. गोळी योग्य होती, सरकारी दवाखान्यात ती फुकटही मिळाली असती. तिथून त्या घरापर्यंत पोहोचवणारे माणूस नव्हते, एवढेच. हे माणूस कोण असावे, त्याला काय शिकवावे आणि त्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे, या प्रश्नांवर आपल्या महाराष्ट्रात पन्नास वर्षांहून जास्त काळ काम झाले आहे. त्यातल्या काही गोष्टी जगाने आपल्याकडून शिकल्या. आज हा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण घरात किंवा गावात एकटे म्हातारे माणूस असलेल्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल.

"एकटे" म्हणजे कोण?

खेड्यात एकटेपणा दोन प्रकारचा असतो. पहिला अंतराचा. डोंगरातला पाडा, नदीपलीकडची वस्ती, पावसाळ्यात तुटणारा रस्ता. दुसरा प्रकार चटकन दिसत नाही. घर गावाच्या मध्यावर असते, दवाखाना शंभर पावलांवर असतो, पण त्या घरात कोणी येत-जात नाही. विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई, अंगावर चट्टे असलेला माणूस, गावकुसाबाहेरची वस्ती, अंथरुणाला खिळलेला म्हातारा. रस्ता झाला की पहिल्या प्रकारचा एकटेपणा कमी होतो. दुसरा रस्त्याने कमी होत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचा परिणाम प्रकृतीवरही होतो. सामाजिक एकटेपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी अनेक अभ्यासांत आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयासाठी एक स्वतंत्र आयोगच नेमला. यामागची कारणे समजायला अवघड नाहीत. एकटा माणूस स्वतःपुरता स्वयंपाक करायचा कंटाळा करतो, पाणी कमी पितो, गोळ्या विसरतो आणि आजार वाढेपर्यंत कोणाला सांगत नाही. शिवाय चेहऱ्यात किंवा बोलण्यात झालेला बदल बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात येतो. तो दुसरा कोणी नसेल तर निदान उशिरा होते.

आधी इमारती आल्या

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. खेड्यातल्या माणसाला पैशाअभावी उपचार नाकारला जाऊ नये, ही त्याची भूमिका होती. सुरुवातीला दर ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे समितीने सुचवले. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली. पुढे निकष आणखी चांगले झाले : सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक केंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक, त्याखाली ५ हजार किंवा ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र.

या केंद्रांनी देवी घालवायला हातभार लावला, लसी पोहोचवल्या, बाळंतपणे केली. त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण दवाखाना उघडला म्हणून सगळे येतात असे नसते. जो चालत येऊ शकतो, ज्याला मजुरी बुडवणे परवडते, ज्याला तिथे बसायला संकोच वाटत नाही, तो येतो. वर सांगितलेली विधवा किंवा चट्टे असलेला माणूस त्या रांगेत क्वचितच दिसे.

जामखेड, १९७०

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. शिक्षणानंतर त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की बरे करून घरी पाठवलेली मुले त्याच आजाराने पुन्हा पुन्हा येतात, कारण घर आणि गाव तेच असते. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन काम सुरू केले. जामखेड तेव्हा नगर जिल्ह्याच्या कडेचा कायम दुष्काळी तालुका होता. त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत.

ही मुले कशाने जात होती? जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, कुपोषण. यांतल्या बहुतेक आजारांना मोठे हॉस्पिटल लागत नाही. जुलाबात मूल दगावते ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पण जुलाब लागले की मुलाचे पाणी बंद करायचे, अशी समजूत घरोघरी होती. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे मिश्रण घोट घोट पाजत राहणे हा जीव वाचवणारा उपचार आहे. तो कोणतीही आई करू शकते. प्रश्न असा होता की तिला तो पटेल अशा शब्दांत, आणि तिचा विश्वास बसेल अशा माणसाने, सांगायचा कसा?

आरोळे दाम्पत्याने सुरुवातीला नेहमीचा मार्ग घेतला. शिकलेल्या परिचारिका गावांत नेमल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीला गावात एकटीने राहणे अवघड होते, आणि गावातल्या बायाही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. तेव्हा त्यांनी त्या काळी कोणाही डॉक्टरला धाडसी वाटावा असा निर्णय घेतला. गावातलीच, गावाने निवडलेली, बहुधा अक्षरओळखही नसलेली बाई आरोग्यसेविका म्हणून तयार करायची.

निवड कोणाची झाली?

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही निवड. या बायांपैकी अनेक दलित होत्या, अनेक विधवा किंवा नवऱ्याने सोडलेल्या होत्या. ज्यांना गाव स्वतःच कडेला ठेवत होते, त्यांच्या हाती गावाच्या आरोग्याचे काम आले.

त्यांचे प्रशिक्षण एकदा शिबिर घेऊन संपणारे नव्हते. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीत बसणे हाच त्या काळी एक मोठा धडा होता. आठवडाभरात गावात काय घडले ते त्या सांगत, डॉक्टर त्यातूनच शिकवत. गरोदर बाईच्या पायावर सूज कशी बघायची, मुलाचे वजन कसे करायचे, सुईण म्हणून हात आणि ब्लेड कसे स्वच्छ ठेवायचे, हे सगळे चित्रांतून, गाण्यांतून आणि प्रत्यक्ष करून. वाचता येत नाही हा अडथळा वाटतो तेवढा मोठा नव्हता. निरक्षर माणसाची स्मरणशक्ती चांगलीच तयार असते, आणि निरीक्षण करायला लिपी लागत नाही.

या बायांना मोठा पगार नव्हता. पण छोट्या व्यवसायासाठी मदत होती, आणि गावात महिला मंडळ व शेतकरी मंडळ त्यांच्या बरोबर उभे केले होते. अडलेले बाळंतपण किंवा गंभीर रुग्ण असेल तर पाठवायला जामखेडचे रुग्णालय होते. "मी सांगते म्हणून जा" असे ती म्हणाली आणि रुग्णालयाने तिचा शब्द राखला, की गावात तिची किंमत वाढत असे.

आधी लोकांचे हाल, मग आरोग्याचे बोलणे, हाही त्यांचा क्रम होता. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक चालवले, कूपनलिका खोदवल्या. हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. पाणी हवे असेल तर सगळ्यांनी तिकडे यायचे. यात भाषण नव्हते, पण कोणाची वाट कुठे वळते ते या एका पंपाने बदलले. स्वच्छ पाण्यामुळे जुलाब कमी झाले ते वेगळेच.

कुष्ठरोगाबाबतही असेच. त्या काळी कुष्ठरुग्णाला गावाबाहेर काढण्याची रीत होती. खरे तर हा आजार सहज पसरत नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्ण लवकरच संसर्गजन्य राहत नाही. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श न कळणे, ही सुरुवातीची खूण. ती दिसायला तज्ज्ञ लागत नाही, पण अंगावरचा चट्टा दाखवण्याइतका विश्वास मात्र लागतो. आरोग्यसेविका घरात ये-जा करणारी असल्यामुळे तिला तो दिसे. जामखेडमध्ये या रुग्णांना वेगळ्या वसाहतीत न पाठवता इतर रुग्णांबरोबरच तपासले जाई. गाव पाहत असे की डॉक्टर त्यांना हात लावतात, आरोग्यसेविका त्यांच्याकडे बसते. हळूहळू दारे उघडत.

पुढच्या वीस वर्षांत या गावांतला बालमृत्यूचा आकडा हजारी पन्नासच्या खाली आला. या काळात सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू घटत होते, तेव्हा याचे सगळे श्रेय एका प्रकल्पाला देता येत नाही. पण २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात शेजारच्या इतर गावांशी तुलना करता प्रकल्पातल्या गावांत एक महिन्यापुढच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी आढळले.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्यसेविका १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले ते साधारण असे : डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि लांब. आम्ही पणतीसारख्या, साध्या आणि स्वस्त, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. डॉक्टर म्हणून मला ही तुलना मान्य आहे. झुंबर नको असे त्या म्हणत नव्हत्या. अंधार ज्या घरात आहे तिथे झुंबर पोहोचत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दिल्लीने उचललेली कल्पना

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचे एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवर आरोळे दाम्पत्याचा लेख होता. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये अल्मा-अता येथे "सर्वांसाठी आरोग्य" ही घोषणा झाली, तेव्हा अशा अनुभवांचा आधार तिच्यामागे होता. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरम्यान भारत सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर योजना सुरू केली. दर हजार लोकांमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिने प्रशिक्षण, औषधांची एक पेटी आणि महिन्याला ५० रुपये मानधन. कागदावर कल्पना तीच होती. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि पुष्कळ ठिकाणी गावातल्या वजनदार मंडळींच्या नात्यातले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? वस्तीवरच्या विधवेकडे पाटलाचा पुतण्या का जाईल? पुढे आठवड्याला शिकवणारे कोणी नव्हते, औषधे वेळेवर येत नव्हती, आणि काहींनी त्या पेटीवर स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. योजनेचे नाव पुढे दोनदा बदलले, पण ती हळूहळू विरून गेली.

मला वाटते, आपल्या आरोग्य-इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. जामखेडमध्ये जे चालले ते केवळ "गावातला माणूस" नेमल्यामुळे नाही. जो एकटेपण स्वतः भोगून आला आहे त्याला एकटी घरे माहीत असतात, आणि त्या घरांत त्याला कोणी परका मानत नाही. १९७७ च्या योजनेत नेमका हाच भाग गळाला.

गडचिरोली : एका मिनिटाचे घड्याळ

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत "सर्च" ही संस्था सुरू केली. पहिलाच मोठा अभ्यास त्यांनी स्त्रियांच्या न बोलल्या जाणाऱ्या दुखण्यांवर केला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये "लॅन्सेट" मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित काही ना काही आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. घरात माणसे असूनही दुखणे सांगायला कोणी नसणे म्हणजे काय, ते या आकड्यांत दिसते.

त्यानंतर त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियाकडे मोर्चा वळवला. मूल मिनिटाला किती वेळा श्वास घेते ते मोजले की न्यूमोनियाचा अंदाज येतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील तर धोका. ज्या बायांना मोजणे जड जाई त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असे साधन बनवले. स्टेथोस्कोपशिवाय निदान, आणि तेही घरातच.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा. पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांसाठी "हॉस्पिटलात आणा" हेच उत्तर तोवर होते, आणि बाळंतिणीला घराबाहेर न काढण्याच्या रीतीमुळे ते कोणी आणत नव्हते. "सर्च"ने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, त्याला ऊब कशी द्यायची ते दाखवत, न रडणाऱ्या बाळाला श्वास देत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर घरीच प्रतिजैविके देत. १९९९ मध्ये "लॅन्सेट" मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

गावातल्या बाईने इंजेक्शन द्यावे यावर आमच्या व्यवसायातून टीका झाली, आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. अर्धवट प्रशिक्षणाने नुकसान होऊ शकते. त्याचे उत्तर गडचिरोलीने बारीक नियम, सततची देखरेख आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद यांतून दिले. २०११ पासून घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाला. त्यात आज भर आहे तो भेटी, वजन, ऊब आणि धोक्याची लक्षणे वेळेत ओळखण्यावर.

आशाताई

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून "आशा". साधारण हजार लोकांमागे एक, त्याच गावची बाई. निकषांत विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा विभक्त स्त्रीला प्राधान्य आहे. जामखेडची आठवण इथे स्पष्ट दिसते. १९७७ ची चूक निदान एका बाबतीत सुधारली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला.

पण दोन गोष्टी अजून अपुऱ्या आहेत. आशाताई सरकारी कर्मचारी नाही. तिचे उत्पन्न बरेचसे कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर असते. आणि हा मोबदला मोजता येणाऱ्या कामांना जास्त मिळतो : बाळंतपण, लस, क्षयरोगाचा पूर्ण झालेला उपचार. अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ अर्धा तास बसण्याचा रकाना कोणत्याही फॉर्मवर नाही. आई आणि मूल या दोघांसाठी उभारलेली ही साखळी म्हाताऱ्या माणसापर्यंत पोहोचताना विरळ होते.

म्हाताऱ्यांसाठी केरळचा मार्ग

ही उणीव कशी भरावी, याचे एक चांगले उत्तर केरळात सापडते. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, काम सुरू केले. सुरुवातीला ते रुग्णालयात होते. पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, ते रुग्ण अंथरुणावरून उठूच शकत नव्हते. म्हणून २००१ मध्ये मलप्पुरम भागात शेजाऱ्यांचे जाळे उभे केले गेले. शिक्षक, गृहिणी, दुकानदार, रिक्षावाले, विद्यार्थी अशा लोकांना थोडे प्रशिक्षण देऊन आठवड्यातले काही तास ठरवून दिले. ते घरी जाऊन बसतात, जखमेचे ड्रेसिंग किंवा पाठीचे व्रण याबद्दल नर्सला कळवतात, घरात तांदूळ नसेल तर तो पोहोचवतात. खर्चाचा मोठा भाग गावातल्या छोट्या छोट्या देणग्यांतून निघतो. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणले आणि ग्रामपंचायतींच्या माध्यमातून नर्स घरोघर जाऊ लागल्या.

जामखेडशी याचा थेट संबंध नाही, पण विचार तोच आहे. तिथे बाळंतिणीचे दार वाजले, इथे म्हाताऱ्याचे.

आज आपण काय करू शकतो?

जामखेडची आरोग्यसेविका तिच्या गावात जे करत असे, त्यातले बरेच काही कोणतीही शेजारीण, कोणताही शेजारी करू शकतो. घर लांब असेल तर गावात असे एक माणूस ठरवून ठेवा आणि त्याच्याशी फोनवर बोलत राहा. आठवड्यातून एकदा एवढे पाहिले तरी पुष्कळ :

• गोळ्यांची पाकिटे हातात घेऊन बघा. किती उरल्या, किती जायला हव्या होत्या? बीपी, मधुमेह, फिट किंवा हृदयाची गोळी संपायच्या आठ दिवस आधी नवी आणायची व्यवस्था करा.

• जेवण आणि पाणी. लघवीला त्रास होतो म्हणून पाणी बंद करणारी म्हातारी माणसे खूप असतात.

• पडले होते का? "जरासा तोल गेला" हेही पडणेच समजा.

• पायांवर नवी सूज, झोपल्यावर दम लागणे, पायाला न बरी होणारी जखम.

• अचानक असंबद्ध बोलणे किंवा गुंगी. म्हातारपणात न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग तापाशिवाय, फक्त अशा गोंधळानेच सुरू होऊ शकतो. "वयामुळे होतंय" म्हणून सोडू नका. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर कमी झाल्यानेही असे होते, ती लगेच तपासून घ्या.

• तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे. हा पक्षाघात आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लगेच १०८ ला फोन करा.

गावच्या आशाताईचे नाव आणि नंबर लिहून भिंतीवर लावा. जवळच्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या सर्वांची बीपी आणि साखर तपासली जाते, तिथे नाव नोंदवा. निराधार, विधवा, अपंग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांपुढच्या गरजूंसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात होतो, आणि एकट्या माणसाला तिथे सोबत लागते. ती सोबत म्हणजेसुद्धा उपचाराचाच भाग समजा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ या मोफत हेल्पलाइन आहेत.

गावातली ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ही तर खास याच कामासाठी आहे. तिच्या पुढच्या बैठकीत एक साधी यादी मागा : आपल्या गावात एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि नियमित औषध चालू असलेले किती जण आहेत, आणि प्रत्येकाकडे आठवड्याला कोण जाते? दुसऱ्या रकान्यात जिथे नाव नसेल, तिथून कामाला सुरुवात करता येईल.